कच्चं लॅकर

फिरक्याला खेळायचा पगार मिळायचा. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधी हसू, मग शंका, मग जळफळाट कसा चढत जातो ते बघत मजेत उभा राहायचा.

खोटं नव्हतं ते. पिनबॉलची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात तो अगदी शेवटच्या जागेवर होता. मशीनला पाय लागले, दिवे पेटले, काच बसली, की ते ढकलत ढकलत त्याच्यासमोर यायचं. तो बाह्या वर करायचा आणि लोखंडी बॉल सोडायचा. काचेखालच्या रंगीत फळीवर बॉल खांबांना, घंट्यांना, रबरांना कसा आपटतो, रॅम्पवर चढतो का, उतारावरून घरंगळत आला की खालचे दोन फ्लिपर त्याला फटका मारून परत वर धाडतात का, हे बघायचं. मधेच मशीनला कमरेनं धक्का द्यायचा आणि ते लबाडी ओळखून वेळेवर रुसून बंद पडतं का तेही बघायचं. सगळं ठीक असलं की हिरवा स्टिकर. हिरवा स्टिकर लागला की मशीन गाडीत.

पन्नाशी डोक्यावर आली तरी फिरक्याच्या अंगातली खोडी काही गेली नव्हती. कारखान्याच्या मॅनेजरना सगळे आजचसाहेब म्हणायचे, कारण 'माल कधी पाठवायचा' असं कुणीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, 'आजच.' त्यांच्या खुर्चीची उंची फिरक्यानं रोज चिमूटभर कमी केली होती. शेवटी साहेब डॉक्टरकडे जाऊन विचारून आले की माणूस या वयात आखूड होतो का. डॉक्टरनं त्यांना गोळ्या दिल्या. फिरक्यानं खुर्ची पुन्हा वर केली. साहेब सगळ्यांना सांगत सुटले की गोळ्या फार चांगल्या आहेत.

पण त्याची सगळ्यात लाडकी खोडी कुणालाच माहीत नव्हती. पिनबॉलची फळी गाडीच्या बॉनेटसारखी वर उचलता येते. खाली पेटीत वायरी, मोटारी, अंधार. तपासणी झाली की फिरक्या फळी उचलायचा आणि आतल्या कोपऱ्यात जाड पेन्सिलीनं एक चेहरा काढायचा. टोकं वर गेलेली मिशी, एक डोळा मिटलेला, जीभ हातभर बाहेर. कुणी कधी फळी उचललीच, तर त्याला वेडावून दाखवायला. मग फळी खाली, काच वर, आणि तो चेहरा अंधारात जीभ काढून गावोगाव निघून जायचा. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. एकही मशीन सुटलं नव्हतं.

आता धाकटीचं.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. लहानपणी फिरक्यानं तिला सांगितलं होतं की पेन्सिलीचा तुकडा पुरला की पेन्सिलीचं झाड येतं. पोरीनं अख्खी सुट्टी त्याला पाणी घातलं. हा गुपचूप जाऊन रोज थोडी मोठी पेन्सिल खोचून यायचा. पोरगी वर्गात सगळ्यांना सांगून आली, बाईंनासुद्धा. त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. दादा 'पाऊस येतोय' म्हणाला की ही कपडे वाळत घालायची.

नवरा गेल्यावर धाकटीनं दुकानाच्या काउंटरवरची नोकरी सोडली आणि कोपऱ्यावरचा एक गाळा घेऊन खेळघर काढलं. आत दोन-तीन जुनी मशीनं, थंड बाटल्यांचा फ्रीज, भिंतीला चार स्टुलं. तिथे चालायचं काय, तर एकच, जुनं पिनबॉल. ड्यूटी सुटलेले बसवाले यायचे, दवाखान्यातल्या नर्सा यायच्या, आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेतलेली ही माणसं अर्धा तास त्या लोखंडी बॉलला बदडून हलकी होऊन घरी जायची. ते मशीन एक दिवस जे बसलं ते उठलंच नाही. पिनबॉल नाही तर बसवाले नाहीत, बसवाले नाहीत तर खेळघर नाही. इतकं सरळ होतं.

तिनं दादाला बोलावून समोर स्टुलावर बसवलं.

"दादा, हसू नकोस. आज हसू नकोस."

"मी कुठे हसतोय? तोंडच तसं आहे."

"तुमच्याकडचं नवीन मशीन घेऊ का? माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यात जाईल. चुकलं तर पुन्हा उभं राहता यायचं नाही मला. लोक म्हणतात, नवीन मालात पूर्वीचा दम राहिला नाही. तू आत आहेस. खरं सांग."

फिरक्यानं पहिल्यांदाच बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्याला त्याचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस जास्तच बोलतो.

"घे. डोळे मिटून घे. मी स्वतः निवडतो, स्वतः तपासतो. इतरांच्या मशीनवर मी खेळतो तेवढ्यास तेवढं. तुझ्या मशीनवर असा खेळेन की कारखाना बघत राहील."

"फिरकी नाही ना?"

"नाही गं बाई."

आणि पेन्सिलीच्या झाडानंतर पहिल्यांदाच धाकटीनं दादाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

फिरक्यानंही शब्द पाळला. लाइनवरून आलेल्यांतलं सगळ्यात देखणं मशीन बाजूला काढलं. हल्ली साहेबांचा हुकूम होता की प्रत्येक मशीनवर दोन-तीन डाव बस झाले, गाड्या खोळंबतात. पण बहिणीच्या मशीनवर तो सकाळी जो लागला तो सुट्टीचा भोंगा होईपर्यंत. जेवण नाही, चहा नाही. प्रत्येक रॅम्पवरून बॉल पाडून बघितला, प्रत्येक खांबाला ठोकून बघितला. शेजारचे ओरडत होते, "अरे, मशीनची तपासणी चाललीय की मशीनशी भांडण?" शेवटी समाधानानं त्यानं काच पुसली, हिरवा स्टिकर लावला, आणि सवयीनं आत चेहराही काढला. जरा प्रेमानंच. मिशीला दोन जास्तीचे पीळ दिले.

पहिले काही दिवस खेळघर भरून वाहत होतं. मग एका दुपारी धाकटीचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

तो गेला तेव्हा आत एकच बसवाला खेळत होता, आणि तोही वैतागलेला. बॉल मधूनच वळायचा, थांबायचा, विचार करून दुसरीकडेच जायचा.

"ताई," बसवाला म्हणाला, "तुमचा बॉल पिऊन येतो का हो?" आणि बाटली अर्धी टाकून निघून गेला.

धाकटीनं काच सरकवली, हातातली बॅटरी फळीला लावून आडवी धरली. "बघ."

आडव्या उजेडात ती चकचकीत फळी देवीचे व्रण आलेल्या चेहऱ्यासारखी दिसली. खड्डेच खड्डे. रॅम्पच्या टोकाखाली तर बॉल पडून पडून चमच्याएवढा खोलगा झाला होता. खांबांच्या बुडाशी चकाकीसाठी मारलेलं लॅकर गोळा होऊन वर आलेलं, त्याला भेगा, आणि एका ठिकाणी रंगासकट टवका उडालेला. खाली लाकूड दिसत होतं.

"मी केला फोन तुमच्या हमीवाल्यांकडे. बाई बोलल्या, 'आपला त्रास आम्ही समजू शकतो.' पुढे म्हणाल्या, हा दोष नाही. बॉल लोखंडाचा, फळी लाकडाची, खुणा व्हायच्याच. भरपूर खेळा म्हणाल्या. इतके खड्डे पडतील की सगळं सारखं होऊन पुन्हा सपाट दिसेल."

फिरक्याला हसू आलं. "म्हणजे टक्कल पडतंय? थांबा, सगळे केस गेले की समसमान!"

धाकटी हसली नाही.

"मी सोडलं नाही. टवका उडालाय, त्याचं काय, विचारलं. तेव्हा म्हणाल्या, फोटो पाठवा. वरचे, खालचे, फळी उचलून आतलेसुद्धा. पाठवले. काल उत्तर आलं. आत ग्राहकानं खाडाखोड केलेली दिसते, म्हणून हमी रद्द." तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. ह्याला खाडाखोड म्हणतात. कुणी काढलंय हे? मी तर फळी पहिल्यांदा उचलली ती फोटोसाठी!"

मोबाइलच्या काचेतून फिरक्याची स्वतःचीच मिशी, दोन जास्तीच्या पिळांसकट, त्याला जीभ दाखवत होती.

"कोण असेल रे?" धाकटी म्हणाली. "गाडीवाल्यांपैकी असेल कुणी. सापडू दे मला एकदा. ही जीभ अशी ओढीन ना बाहेर, की पुन्हा आत जाणार नाही."

फिरक्याच्या तोंडात शब्द आला होता. ओठापर्यंत आला, आणि तिथेच बसला. त्याला वाटलं, आधी जाऊन निस्तरून येऊ, मग हसत हसत सांगू. सगळं नीट झाल्यावर सांगितलेली चूक म्हणजे गंमत होते. नीट होण्याआधी सांगितली तर चूकच राहते.

"मी बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आधी लॅकरकाकांकडे गेला. काका फळ्यांवर लॅकर मारायचे. नाकावर फडकं, भुवयांवर कायमची पांढरी धूळ. पूर्वी लॅकर मारलेल्या फळ्या वाळवणीच्या खोलीत रांगेनं उभ्या असायच्या, आणि काका रोज एकीच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघायचे. नख उमटेनासं झालं की फळी बाहेर. आता त्या खोलीत खोके भरले होते.

"काका, फळीला खड्डे का पडतायत?"

"का म्हणजे? वरून वाळतं, आत चिखल. वाळायला जागा कुठंय? वाळायला वेळ कुठंय? हात लावून चिकटलं नाही की आजचसाहेब म्हणतात, झालं." काकांनी फडकं खाली केलं. "तशी महिनाभर कुणी हात लावला नाही तर घट्ट होते म्हणा. पण मशीन घेतलं की माणूस झाकून ठेवतो होय? लगेच बडवायला लागतो. कुणाची तक्रार आली?"

"धाकटीची."

"तू दिवसभर खेळत होतास, तेच मशीन?"

"तेच."

काकांनी भुवयांवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "अरे वेड्या, ओल्या सिमेंटवर नाचलास तू. बाकीच्यांवर दोन डाव होतात, त्यांचं निदान हळूहळू मरतं. तिचं तू इथेच मारून पाठवलंस."

फिरक्या हसला. खरोखर हसला, कारण त्याच्या तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं. बहिणीवरचं आयुष्यभराचं प्रेम त्यानं त्या एका दिवसात दाखवलं होतं, आणि दर फटक्याला एक खड्डा पाडला होता. दुश्मनानं घातला असता तर निम्मा घाव घातला असता.

हमीबाईंची खोली जिन्याखाली होती. कानाला फोन लावायचा पट्टा, टेबलावर पाणी न घातलेलं रोपटं, समोर फोटोच फोटो. फिरक्या आत जाऊन उभा राहिला.

"हा चेहरा माझा आहे."

बाईंनी फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्हाला मिशी नाही."

"तसं नाही हो. मी काढलाय. मशीन बाहेर पडायच्या आधी, इथेच. ग्राहकानं नाही."

"बहिणीची तक्रार ना ती? समजू शकतो आम्ही आपला..."

"पेन्सिल द्या."

बाईंनी पेन्सिल दिली. त्यानं त्यांच्या कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर तो चेहरा काढला. डोळे मिटूनही आला असता. मिशी, डोळा, जीभ. बाई बघत राहिल्या, आणि त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"मला वाटलं, खेळणाऱ्यांचं काही मंडळ असेल," त्या म्हणाल्या. "त्यांचं चिन्ह असेल. सगळ्यांच्याच मशीनमध्ये असतं."

"सगळ्यांच्याच म्हणजे?"

"ज्यांनी ज्यांनी आतला फोटो पाठवला त्यांच्या."

"आणि तुम्ही..."

"नाकारलं. नियमच आहे, आत खूण दिसली की हमी रद्द." बाईंचा आवाज एकदम साधा झाला, फोनवरचा राहिला नाही. "एक आजोबा रोज फोन करायचे. म्हणायचे, बाई, मी शाळेत चित्रकलेत नापास झालेला माणूस, मला इतकी चांगली मिशी येईल का? मी हसायचे. फोन ठेवून हसायचे. एक जोडपं होतं, त्यांनी एकमेकांवरच आळ घेतला. तो म्हणायचा हिनं काढलंय, ती म्हणायची ह्यानं. माझ्यासमोर, फोनवर. पुढे त्यांचा फोनच आला नाही."

फिरक्या भिंतीला टेकला. आजवर आपली ही खोडी कुणाला लागली नाही, कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही, म्हणून ती त्याला लाडकी होती. आणि इतकी वर्षं अंधारातून तो चेहरा लोकांची घरं फोडत होता, दुकानं बसवत होता. जीभ काढून.

"चला," हमीबाई उठल्या. "साहेबांना सांगू. सगळी प्रकरणं पुन्हा उघडावी लागतील."

आजचसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कॅलेंडरवरचं चित्र उचलून नाकाजवळ धरलं. आणि मग हसले. पोट धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले.

"माणूस आहात की कोण आहात हो तुम्ही! माझी खुर्चीसुद्धा तुमचीच करणी ना? ओळखलं होतं मी. पण गोळ्यांनी बरं वाटत होतं, म्हणून बोललो नाही." त्यांनी डोळे पुसले, उठून दार लावलं आणि परत बसले. हसू दाराबाहेर राहिलं. "तुमच्या बहिणीची फळी बदलून देऊ. नवी कोरी. तुम्हीच तपासा, तुम्हीच बसवून या."

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीचे तुमचे कोण लागतात?"

साहेब टेबलावर पुढे झुकले.

"हे बघा. बाकीच्यांची उघडायची म्हणजे आधी चेहरा कुणी काढला ते सांगायचं. मग लोक विचारणार, चेहऱ्याचं राहू द्या, खड्डे का पडतात? मग सगळ्यांनाच फळ्या द्या. कुठून द्यायच्या? कारखान्याला कुलूप लावून? तुम्ही, ते लॅकरवाले काका, ह्या बाई, सगळे मिळून मग रस्त्यावर पिनबॉल खेळा."

"मी बाहेर जाऊन सांगितलं तर?"

"सांगा की." साहेब अगदी मायेनं बोलले. "मी म्हणेन, बहिणीचं मशीन फुकटात नीट करून घ्यायला भाऊ खोटं बोलतोय. लोक तुमच्याकडे बघतील, माझ्याकडे बघतील. तुम्हाला म्हणतात फिरक्या. कुणावर विश्वास ठेवतील, सांगा बरं?"

हमीबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी कॅलेंडरचं पान नीट घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. साहेबांनी हात पुढे केला. त्यांनी ते परत काढून दिलं.

"आणि एक," साहेब म्हणाले, "चेहरा काढायचं थांबवू नका. इतकी वर्षं आहे, आणि आता एकाएकी गेला, तर उद्या कुणीतरी विचारेल, का गेला."

"साहेब, ती गंमत होती."

"तर मग! गंमत चालू ठेवा."

त्या दिवसापासून फिरक्याला चेहरा काढायचाही पगार मिळायला लागला. तो फळी उचलायचा, पेन्सिल धरायचा, मिशी काढायचा, जीभ काढायचा, आणि फळी खाली सोडायचा. शेजारचे विचारायचे, "काय रे, हल्ली तोंडाला कुलूप?" तो म्हणायचा, "दाढ दुखतेय." खोडकर माणसाला हे बरं असतं, त्याच्या दाढेवरसुद्धा लोक हसतात.

धाकटीसाठीची नवी फळी त्याच्या जागेवर आली. झळझळीत, आरशासारखी. फिरक्यानं तिच्यावर एकही बॉल सोडला नाही. कडेला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, काकांसारखं अंगठ्याचं नख दाबलं. नख उमटलं. लोण्यात उमटावं तसं.

काका म्हणाले, "उभी करून ठेव कुठेतरी. कुणाला सांगू नकोस. वाळू दे."

त्यानं ती खोक्यांच्या मागे उभी केली. वर जुनं पोतं टाकलं. संध्याकाळपर्यंत साहेबांना सापडली. "अजून इथेच? बहीण तुमची, आणि घाई मला?" असं म्हणत त्यांनी स्वतः ती गाडीत ठेवायला लावली. त्यात धाकटीचा फोन, "दादा, फळी कधी आणतोस? नर्सा आता पलीकडच्या गल्लीत कॅरम खेळायला जातात. बसवाले येतात, बाटली पितात, मशीनकडे पाठ करून बसतात. गाळ्याचा मालक काल आत डोकावून गेला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

तो फळी घेऊन गेला. बसवली, वायरी जोडल्या, काच पुसली. धाकटीनं आधीच सगळ्यांना निरोप धाडले होते. बसवाले आले होते, दोन नर्सा आल्या होत्या, समोरच्या दुकानातला टायरवाला हात पुसत पुसत आला होता. गाळा कितीतरी दिवसांनी माणसांनी भरला होता, आणि धाकटीनं चांगले कपडे घातले होते.

फिरक्यानं तिला कोपऱ्यात ओढलं. "ऐक. महिनाभर खेळू नकोस ह्यावर. झाकून ठेव. मग काढ."

"का?"

का, म्हटल्यावर लॅकर सांगावं लागणार होतं. लॅकर सांगितलं की पहिली फळी कुणी बडवली ते, मग चेहरा, मग साहेब, मग त्या आजोबांसारखे सगळे. एका 'का'च्या मागे सगळी रांग उभी होती. त्यानं तोंड उघडलं.

"झाकून ठेव, एवढंच. माझं ऐक."

धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि एकदम फसकन हसली. "काय रे, महिन्यानं उघडलं की आतून बेडूक उडी मारणार का? चल, चावट!" तिनं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "ऐकलंत का? एवढं मशीन दारात आणलं, आणि दादा म्हणतो हात लावू नका!"

सगळे हसले. टायरवाला तर टाळी द्यायला हात पुढे करून उभा. फिरक्या, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, हसला. ते हसू बघून तिची उरलीसुरली शंकाही गेली.

"पहिला डाव माझा," धाकटी म्हणाली, आणि तिनं बॉल सोडला.

बॉल सरळ गेला. घंट्या वाजल्या, दिवे पळाले, बॉल रॅम्पवर चढला, टोकावरून खाली पडला, टक् असा आवाज आला. बसवाल्यांनी आरोळी ठोकली. "आता शुद्धीवर आला बघा तुमचा बॉल!" धाकटी नाचत नाचत खेळत होती, कमरेनं मशीनला टोले देत होती, आणि सगळ्यांचे डोळे वर आकड्यांकडे होते. फिरक्या एकटाच फळीकडे बघत होता. रॅम्पखाली, जिथे बॉल पडला होता तिथे, दिव्याचं प्रतिबिंब आता गोल राहिलं नव्हतं. एका बाजूनं दबलं होतं.

टक्. पुन्हा तिथेच.

"ये ना, एक डाव तू घे," धाकटी म्हणाली. "तुझ्याच हाताचं आहे."

"पाठ धरलीय. तू खेळ."

डाव संपला तेव्हा तिचा चेहरा घामानं चमकत होता. तिनं टायरवाल्याला पुढे ढकललं. "विचारा ना आता. लाजताय काय?"

टायरवाल्यानं घसा साफ केला. "नाही म्हणजे, गिऱ्हाईक आमच्याकडे ताटकळत बसतं. म्हटलं, असं एक मशीन ठेवावं. आमच्या मेव्हण्यालाही घ्यायचंय, त्याचा धंदा नवीन आहे, तो फार घाबरतो. तुम्ही आत आहात म्हणून विचारतो. माल कसा असतो? हमी-बिमी देतात ना नीट?"

"हमी कशाला हवी?" धाकटी म्हणाली. "माझंच बघा ना. बिघडलं होतं, दादानं शब्द टाकला, नवी फळी दारात आली. तो सगळ्या जगाची थट्टा करतो, पण मशीनच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

मागे एका नर्सनं बॉल सोडला होता. टक्, टक्, असा आवाज येत होता. टायरवाला वाट बघत उभा होता, तोंड थोडं उघडं, जसं डॉक्टरपुढे माणूस उभा राहतो. बसवालेही ऐकत होते. धाकटी दादाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यात इतक्या वर्षांत कधी नव्हता असा अभिमान होता.

"घ्या," फिरक्या म्हणाला.

टायरवाल्यानं खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुम्हीच निवडून द्या हं मग! दोन्ही तुम्हीच द्या!"

"अहो, हात बघा तुमचा! शर्ट काळा केलात त्याचा," धाकटी फडकं घेऊन धावली. "थांब दादा, पुसते. ओलं आहे तोवरच जाईल."

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे गं."